संकेतस्थळाचाही टंच काढा!



कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात हुपरी नावाचे गाव आहे. चांदीच्या दागिन्यांसाठी ते साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. पैंजण, जोडवी, करदोडे, घुंगरू असे कितीतरी जिन्नस येथे घरोघरी घडतात. तार ओढण्यापासून कड्या जोडण्यापर्यंतची कामे कुटुंबातील माणसे वाटून घेतात. या गावातल्या कोणाही जाणत्या कारागिरापुढे चांदीचा तुकडा ठेवून पाहा. ‘चांदी बरी दिसते’ एवढ्यावर तो थांबत नाही. तो विचारतो, ‘टंच किती?’ टंच म्हणजे शुद्धतेचे प्रमाण. हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी असेल तर ती ९२५ची चांदी. डोळ्यांना दोन तुकडे सारखेच शुभ्र दिसतील, पण टंच काढल्याशिवाय व्यवहार होत नाही. येथे ‘बरी’, ‘चांगली’, ‘हलकी’ या विशेषणांना किंमत नाही, आकड्याला आहे.

पण त्याच गावात, त्याच घरात, मुलीचा प्रवेश-अर्ज भरायला मोबाइल हाती घेतला आणि पान उघडेनासे झाले की आपण काय म्हणतो? ‘आज साइट लई हळू चाललीया.’ बस्स! किती हळू? कालच्यापेक्षा किती? रोजच अशी असते की आजच? आपल्याकडेच की सगळीकडे? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नसते. चांदीच्या तोळ्यामाशाचा हिशेब ठेवणारे आपण वेळेचा हिशेब मात्र अंदाजावर सोडून देतो.

माझे म्हणणे असे की, आपल्या रोजच्या उपयोगाच्या संकेतस्थळांचा प्रतिसादकाल शाळाशाळांतून नियमितपणे मोजला जावा. पर्जन्यमापकातील पाणी मोजून वहीत लिहितात त्याच शिस्तीने त्याची नोंद व्हावी. हे काम वाटते त्याहून सोपे आहे, त्यात भरपूर विज्ञान आहे, आणि त्याची गरज तर आहेच आहे. कशी, ते पाहू.

एका निकालाची दुपार

१६ जुलै २०२१ हा दिवस तुमच्या थोरल्या भावंडांना आठवत असेल. महासाथीमुळे त्या वर्षी दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली होती आणि अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल तयार केलेला होता. दुपारी १ वाजता तो संकेतस्थळावर दिसेल असे जाहीर झाले होते. राज्यभरातील १५ लाखांहून अधिक मुले आणि त्यांचे पालक मोबाइल घेऊन बसले. एक वाजला, आणि संकेतस्थळ बसले! कित्येक तास अनेकांना निकाल पाहता आला नाही. शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

असे का झाले असावे, याचा अंदाज साध्या गुणाकार-भागाकाराने येतो. १५ लाखांपैकी फक्त एक-तृतीयांश, म्हणजे ५ लाख जणांनी पहिल्याच मिनिटात पान उघडायचा प्रयत्न केला असे धरा. ५ लाखांना ६० ने भागले की दर सेकंदाला सुमारे ८,३०० मागण्या होतात. प्रत्येकाने त्या मिनिटात तीनदा बटण दाबले तर हा आकडा २५,००० वर जातो. वर्षातील उरलेल्या ३६४ दिवसांत त्या स्थळावर शुकशुकाट असतो. म्हणजे वर्षभर ज्या पुलावरून चार सायकली जातात, त्यावरून एका दिवशी अख्खी जत्रा जाणार असते.

अलीकडच्या वर्षांत निकाल एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही देतात, त्यामुळे गर्दी वाटली जाते. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. पण निकाल हे एक उदाहरण झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, सात-बाराचा उतारा, धरणातून सोडलेल्या पाण्याची माहिती, ही सारी आता पडद्यावर आली आहेत. या सर्वांचा एक गुणधर्म सारखाच आहे. ज्या दिवशी त्यांची खरी गरज असते, नेमकी त्याच दिवशी गर्दी असते.

रांगेचे गणित

गर्दी वाढली की संकेतस्थळ थोडेसेच मंदावेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

रांगांचा शास्त्रशुद्ध अभ्यास डेन्मार्कमधील आग्नेर क्रारुप एर्लांग या गणितज्ञाने सुरू केला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी काम करताना, किती तारा असल्या म्हणजे ग्राहकांना फार ताटकळावे लागणार नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्यावरील त्याचा पहिला निबंध १९०९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या मागून वाढलेल्या शास्त्रातील एक साधे सूत्र असे आहे: मागण्या अनियमितपणे येत असतील तर एका मागणीला लागणारा सरासरी वेळ = एकट्या कामाचा वेळ ÷ (१ − भार). येथे भार म्हणजे सर्व्हर एकूण वेळापैकी किती भाग कामात गुंतलेला आहे ते प्रमाण.

समजा, एका मागणीचे काम सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकते. सर्व्हर निम्मा वेळ मोकळा असेल, तर सूत्राप्रमाणे लागणारा वेळ दुप्पट, म्हणजे ०.०२ सेकंद होतो. कोणाला कळणारही नाही. भार ९० टक्के झाला की ०.१ सेकंद. तरी चालेल. भार ९९ टक्के झाला की एकदम १ सेकंद! ९० वरून ९९ ही वाढ दिसायला किरकोळ आहे, पण वेळ मात्र दहापट झाला. भार १०० टक्क्यांच्या पुढे गेला की सूत्रच लागू पडत नाही. रांग नुसती वाढत जाते. दर सेकंदाला १०० मागण्या पुऱ्या करणाऱ्या सर्व्हरकडे १,००० येऊ लागल्या, तर एका मिनिटात ५४,००० मागण्या तुंबतात. त्यानंतर एकही नवा माणूस आला नाही, तरी त्या निस्तरायला ९ मिनिटे लागतील.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, संकेतस्थळ कोसळण्यापूर्वी काही काळ ते हळू होत गेलेले असते. ही पूर्वसूचना पाहणाऱ्याला दिसते, न पाहणाऱ्याला दिसत नाही. दुसरी गोष्ट तुमच्या-आमच्या वागण्याची. पान उघडले नाही की आपण पुनःपुन्हा बटण दाबतो. आपली पहिली मागणी अनेकदा रांगेत तशीच पडलेली असते आणि आपण तिच्यामागे स्वतःच्याच आणखी चार मागण्या उभ्या करतो. येथे संगणकांकडूनच एक धडा घेता येतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इथरनेट’ ही जोडणी तयार केली. एकाच तारेवर दोन संगणक एकदम बोलू लागले की दोघांनीही गप्प बसायचे, आणि पुन्हा गोंधळ झाला तर दर खेपेस थांबण्याची मर्यादा दुप्पट करायची, असा नियम त्यांनी घातला. निकालाच्या दिवशी आपणही १ मिनिट, मग २, मग ४, मग ८ असे थांबलो, तर सर्वांनाच निकाल लवकर दिसेल.

वेळ कोठे जातो?

तुम्ही पत्ता टाइप करता आणि पान दिसते, या दरम्यान निदान पाच टप्पे असतात. प्रथम नावावरून अंकी पत्ता शोधला जातो. ही नावांची व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचली. मग सर्व्हरशी जोडणी होते. मग दोन्ही बाजू गुप्त किल्ल्या ठरवतात, म्हणजे मधल्या कोणाला मजकूर वाचता येत नाही. मग सर्व्हर उत्तर तयार करतो. शेवटी ते उत्तर तुमच्यापर्यंत येते.

यात अंतराचा वाटा किती? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. हुपरीहून मुंबईपर्यंतची तार ४०० किलोमीटर धरली, तर जाऊन येऊन ८०० किलोमीटर झाले, म्हणजे ०.००४ सेकंद. सर्व्हर अमेरिकेत असेल आणि मार्ग १५,००० किलोमीटरचा असेल, तर एका फेरीला ०.१५ सेकंद लागतील आणि तीन फेऱ्यांना ०.४५. तेव्हा मुंबईतील सर्व्हरवरचे पान उघडायला २० सेकंद लागत असतील, तर ‘आपले गाव लांब पडते’ हे कारण टिकत नाही. बिचाऱ्या प्रकाशाला उगाच दोष देऊ नये! दोष मोबाइलच्या मनोऱ्यात असेल, सर्व्हरच्या रांगेत असेल किंवा पानावर लादलेल्या वजनदार चित्रांत असेल. कोठे आहे, ते प्रत्येक टप्पा वेगळा मोजल्यावरच कळते.

आणि किती उशीर हा ‘फार’ म्हणायचा? याचा विचार रॉबर्ट मिलर या अमेरिकन संशोधकाने १९६८ मध्येच केला होता. पुढे जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये तीन मर्यादा प्रसिद्ध केल्या, त्या लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. ०.१ सेकंदात उत्तर आले तर माणसाला ते तत्काळ वाटते. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांच्या पुढे लक्ष उडते आणि माणूस दुसऱ्या कामाला लागतो. सर्व्हर गेल्या पन्नास वर्षांत कितीतरी वेगवान झाले, पण माणसाचा धीर तेवढाच राहिला!

मोजण्याची रीत

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सुरुवातीला वही, पेन्सिल आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच पुरे आहे. एक संकेतस्थळ निवडा. दररोज ठरावीक वेळी, सकाळी ८, दुपारी १ आणि रात्री ८ वाजता त्याचे पहिले पान उघडा. पान पुरते दिसेपर्यंतचे सेकंद लिहा.

हाताने करताना कंटाळा येतो आणि रात्री दोन वाजता कोणी उठत नाही. तेथे शाळेचा संगणक कामी येतो. ‘कर्ल’ नावाची एक मोफत आज्ञावली आहे. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी ती १९९८ मध्ये या नावाने प्रसिद्ध केली. ती संकेतस्थळाचे पान मागवते आणि वर सांगितलेल्या प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते वेगवेगळे सांगते. तिला दर पाच मिनिटांनी आपोआप चालवण्याचे काम लिनक्समधील ‘क्रॉन’ हा पहारेकरी करतो. दिवसाच्या २४ तासांत अशा २८८ नोंदी होतात. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, लागलेले सेकंद आणि उत्तर मिळाले की नाही, एवढ्या चार गोष्टी असाव्यात. संगणकाच्या जाळ्यात आवाज देऊन प्रतिध्वनी ऐकण्याची कल्पना जुनीच आहे. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ ही छोटी आज्ञावली लिहिली. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिला ते नाव मिळाले. पण पिंगने फक्त ‘घरात कोणी आहे का?’ एवढेच कळते. ‘काम होते का?’ हे कळायला पान मागवूनच पाहावे लागते.

मोजताना काही पथ्ये पाळावी लागतात. ती न पाळल्यास आकडे असूनही ते फसवे ठरतात.

पहिले पथ्य असे की, नमुना योग्य ठिकाणचा हवा. चांदीच्या पाटाच्या एकाच कोपऱ्याचा टंच काढून सगळ्या पाटाचा भाव ठरवत नाहीत. सर्व्हरच्या शेजारच्या खोलीत बसून मोजलेला वेळ नेहमीच उत्तम येणार. हुपरीच्या गल्लीत, साध्या मोबाइलवर किती वेळ लागतो, तो खरा प्रतिसादकाल. म्हणूनच हे काम राजधानीतल्या कार्यालयावर सोपवून भागत नाही, ते गावोगावी व्हायला हवे.

दुसरे पथ्य तुलनेचे. प्रयोगात आपण एक कुंडी खताची आणि एक बिनखताची ठेवतो, होय ना? तसेच येथे दोन-तीन वेगळी संकेतस्थळेही त्याच वेळी मोजा. सगळीच हळू असतील तर दोष आपल्या जोडणीत आहे. एकच हळू असेल तर दोष त्या स्थळात आहे. एवढे केल्याशिवाय कोणाकडे बोट दाखवू नये.

तिसरे पथ्य अपयशाच्या नोंदीचे. ३० सेकंदांत पान आले नाही तर ‘निष्फळ’ असे लिहा, ती ओळ गाळू नका. जी एस.टी. आलीच नाही तिचा उशीर कोणी मोजत नाही, आणि मग आगाराच्या हिशेबात सगळ्या गाड्या वेळेवर! त्याचप्रमाणे, पान झटकन आले पण त्यावर ‘सेवा उपलब्ध नाही’ एवढेच असेल, तर तेही निष्फळच. त्यासाठी पानावरचा एखादा नेहमीचा शब्द ठरवून ठेवावा आणि तो दिसला तरच यश मानावे.

चौथे पथ्य घड्याळाचे. आपल्याला सवड मिळेल तेव्हा मोजायचे नाही, ठरल्या वेळीच मोजायचे. नाहीतर संकेतस्थळ अडून बसलेले असताना आपण कंटाळून उठतो आणि नेमका वाईट काळ नोंदीतून निसटतो.

मध्य, मध्यक आणि एक गैरसमज

नोंदी जमल्या, आता त्यांचे सार कसे काढायचे? बहुतेक जण मध्य, म्हणजे सरासरी काढतील. समजा, २० नोंदींपैकी १९ वेळा ०.५ सेकंद लागला आणि एकदा ३० सेकंद. बेरीज ३९.५, सरासरी जवळपास २ सेकंद. पण गंमत अशी की, २ सेकंद कोणालाच लागलेले नाहीत! एकोणीस जण खूश आहेत आणि एक जण वैतागलेला आहे. सरासरीने दोघांचीही खरी हकीकत पुसून टाकली. मध्यक काढला तर तो ०.५ येतो आणि तो एक जण हिशेबातूनच नाहीसा होतो.

म्हणून जाणकार आणखी एक आकडा पाहतात, तो म्हणजे ९५ वा शतमक. १०० नोंदी लहानापासून मोठ्यापर्यंत चढत्या क्रमाने मांडा आणि ९५ वी पाहा. ती ४ सेकंद असेल, तर १०० पैकी ९५ वेळा ४ सेकंदांच्या आत काम झाले आणि ५ वेळा त्याहून अधिक वेळ लागला, असा त्याचा अर्थ. मध्यक बहुतेकांची स्थिती सांगतो, शतमक मागे राहिलेल्यांची. आणि मागे राहिलेले कोण असतात? ज्यांचा मोबाइल जुना, ज्यांच्या वस्तीत मनोरा दूर, ज्यांना इंटरनेट केंद्रात तासाचे पैसे मोजून बसावे लागते ते. सार्वजनिक सेवेची परीक्षा या शेवटच्या पाचांवरूनच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

शिक्षकांना मी येथे एक सुचवीन. सांख्यिकीच्या पाठात मध्य, मध्यक, बहुलक शिकवताना पुस्तकातील तयार कोष्टकांबरोबर या नोंदी वापराव्यात. स्वतः गोळा केलेल्या आकड्यांचा मध्यक काढताना मुलांना तो ‘कशाला काढायचा’ हे वेगळे सांगावे लागत नाही.

इशारा पातळी आणि धोका पातळी

नोंदी नुसत्या साठवून काय उपयोग? वेळेवर इशारा मिळाला पाहिजे. याचा उत्तम नमुना कोल्हापूरकरांच्या डोळ्यांपुढेच आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे जिल्ह्यातील लहान मुलालाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत याच आकड्यांकडे सगळे डोळे लावून बसले होते. पाणी ३९ फुटांवर गेले की जनावरे हलवायची, सामान वर चढवायचे. घरात पाणी शिरल्यावर मोजायला बसत नाहीत.

संकेतस्थळालाही अशाच दोन पातळ्या ठरवाव्यात. उदाहरणार्थ, ३ सेकंद ही इशारा पातळी आणि १० सेकंद ही धोका पातळी. मात्र एकाच नोंदीवरून आरडाओरडा करू नये. लागोपाठ तीन नोंदी पातळीच्या वर गेल्या तरच इशारा द्यावा. नाहीतर ‘लांडगा आला रे आला’ अशी गत होते आणि खरा लांडगा येतो तेव्हा कोणी फिरकत नाही. या पातळ्या मनाने ठरवण्यापेक्षा आधी दोन आठवडे शांतपणे मोजावे, नेहमीची चाल कशी आहे ते पाहावे, आणि मग ठरवावे. वैद्यालाही निरोगी माणसाची नाडी आधी ठाऊक असावी लागते.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे आणि कंपन्यांचे आहे, मुलांनी त्यात कशाला पडावे? संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी आपापली मोजणी केलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. माझी तर मागणी आहे की, प्रत्येक सार्वजनिक संकेतस्थळाने आपला मध्यक, ९५ वा शतमक आणि निष्फळ मागण्यांचे प्रमाण दर महिन्याला जाहीर करावे. पण वजनकाटा दुकानदाराचा असला तरी गिऱ्हाईक काट्याकडे पाहतोच. तसे पाहण्यात अविश्वास नाही, शहाणपण आहे. शिवाय गावाकडून दिसणारे चित्र गावाकडूनच मोजावे लागते, हे वर आलेच आहे.

दुसरा आक्षेप असा की, मुलांच्या या मोजणीनेच संकेतस्थळावर भार पडेल. दिवसाला २८८ मागण्या म्हणजे पाच मिनिटांना एक. ज्या स्थळाकडे निकालाच्या दिवशी सेकंदाला हजारो मागण्या येतात, त्याला हा भार नगण्य आहे. पण एखाद्या छोट्या स्थळाकडे शंभर शाळांनी एकदम मोर्चा वळवला तर मात्र तो जाणवेल. म्हणून शाळांनी स्थळे वाटून घ्यावीत आणि पाच मिनिटांहून कमी अंतराने कधीही मोजू नये. फक्त सर्वांसाठी खुले असलेले पान मागवावे. खोटे अर्ज भरू नयेत, दुसऱ्याच्या नावाने आत शिरू नये. मुद्दाम मागण्यांचा मारा करून सेवा बंद पाडणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये गुन्हा आहे. नाडी पाहायला दोन बोटे पुरतात, गळा धरावा लागत नाही!

तिसरा आक्षेप मला अधिक विचार करायला लावतो. तो असा की, मोजून तरी काय होणार? आमच्या वहीकडे कोण पाहणार? याला माझे उत्तर एवढेच की, ‘साइट चालत नाही’ ही तक्रार आणि ‘३ ते १० तारखेच्या दरम्यान दुपारी १२ ते ३ या वेळात १०० पैकी २२ वेळा पान उघडले नाही, त्याच वेळी दुसरी दोन स्थळे नीट चालू होती’ ही तक्रार, यांत फार फरक आहे. पहिलीला ‘तुमचे नेटवर्क तपासा’ असे उत्तर देऊन वाटेला लावता येते. दुसरीला तसे लावता येत नाही. ती वाचणारा अभियंता प्रामाणिक असेल तर त्याला तिच्यातून दोषाची जागाही सापडेल. आणि आपलेच नेटवर्क सदोष निघाले, तर तेही आपल्याला आधी कळेल. मग तक्रार योग्य दाराशी जाईल.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा एखादे पान उघडले हेच कौतुक होते. आज पान उघडले नाही तर प्रवेशाची मुदत हुकते, शिष्यवृत्ती बुडते. चांदीचा भाव पूर्वी वर्तमानपत्रातून किंवा तारेने कळे. आता तो पडद्यावर दिवसभर हलत असतो, आणि पान अडले तर जुन्या भावाने सौदा होऊन बसतो. वेळ ही आता वस्तूइतकीच मोलाची झाली आहे, तेव्हा तिचे मापही तितकेच चोख हवे.

असो. मोठमोठ्या योजनांची वाट पाहू नका. येत्या सोमवारी वर्गात चौघांचा एक गट करा. एक संकेतस्थळ निवडा, तुलनेला आणखी दोन घ्या. वहीत चार रकाने आखा: तारीख, वेळ, सेकंद, यश की निष्फळ. महिनाभर नोंदी करा, आलेख काढा आणि तो शाळेच्या फलकावर लावा. पुढचा दहावीचा निकाल लागेल त्याच्या आदल्या आठवड्यापासून रोजची नोंद चुकवू नका. त्या दिवशी दुपारी गावातले कोणी म्हणाले, ‘साइट उघडंना झालीया,’ तर तुम्ही वही उघडून किती वाजल्यापासून, किती सेकंदांनी आणि कोणत्या टप्प्यावर ते अडले आहे, हे सांगू शकाल.